पुरावा सर

आमच्या शाळेत त्यांचं खरं नाव ठाऊक असलेली माणसं दोनच. एक ऑफिसातला कारकून आणि दुसरे ते स्वतः. बाकी सगळ्यांचे ते पुरावा सर. उत्तरपत्रिकेत, निबंधात, अगदी रजेच्या अर्जातसुद्धा कुणी काही विधान केलं की समासात लाल शाईने एकच शब्द उमटायचा: पुरावा? 'नायक दुःखी आहे.' पुरावा? 'मला काल ताप होता.' पुरावा? एका पोराने त्यावर घरचा थर्मामीटरच आणून टेबलावर ठेवला, तर सर म्हणाले, हे साधन झालं, पुरावा नव्हे. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवते. माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्या मध्ये भिंत नाही, प्लायवुडचं पार्टिशन आहे, आणि तेही वरून हातभर उघडं. त्यामुळे इतकी वर्षं माझ्या मुलांनी वाऱ्यांच्या दिशांबरोबर निवेदनाची तंत्रंही फुकटात ऐकली. त्यात राहायलाही आम्ही एकाच इमारतीत, ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली. दिवसभर पार्टिशनमधून सरांचा आवाज आणि संध्याकाळी छतातून त्यांच्या बायकोच्या शिलाई मशीनचा. मशीनबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. ती माझी मैत्रीण होती.

वरच्या इयत्तेच्या पुस्तकात एक कथा आहे. पुस्तकं बदलली, मुखपृष्ठं बदलली, ती कथा काही जागची हलली नाही. जुनी आहे, पण तिला आधुनिक म्हणायचं, कारण तिच्यात काही घडत नाही, असं मी सरांना चिडवायची. एक माणूस बाहेरच्या खोलीत छत्री दुरुस्त करत बसलेला आहे. त्याची बायको आतल्या खोलीत आहे. ती आतून विचारते, 'झाली का?' तो म्हणतो, 'होतेय.' जरा वेळाने ती पुन्हा तेच विचारते, तो पुन्हा तेच म्हणतो. तिसऱ्यांदाही तसंच. मग ती विचारत नाही. मागचं दार वाऱ्याने हलत राहतं. छत्री दुरुस्त होते आणि तो ती तिथेच, घरातल्या घरात उघडतो. संपली कथा. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पान उलटून बघितलं होतं, काही छापायचं राहिलंय का म्हणून.

सर मात्र या कथेत रमायचे. आधी छत्री. ती काळी, म्हणून शोक. तिची काडी मोडलेली, म्हणून मोडकं नातं. पाऊस नसताना उघडलेली, म्हणून नको तेव्हा मिळालेलं संरक्षण. मग निवेदक. तो सगळं त्या माणसाच्या नजरेने बघतो, त्यामुळे आतली खोली वाचकाला दिसतच नाही; वाचकही बाहेरच्याच खोलीत बसलेला असतो. मग ती 'झाली का?' ही पुनरुक्ती. पुनरुक्तीतून जगण्यातला एकसुरीपणा सूचित होतो, हे वाक्य ते अशा ठसक्यात सांगायचे की माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते व्यापारी वाऱ्यांच्या उत्तरात लिहून टाकलं होतं. शेवटी व्यक्तिरेखा. नायकाची गुंतागुंतीची, नायिकेची सपाट. सपाट का, तर ती एकच वाक्य बोलते आणि शेवटपर्यंत बदलत नाही.

स्टाफरूममध्ये मी म्हणायची, सर, आमच्या विषयात पाऊस म्हणजे पाऊस. तुमच्याकडे तर न पडलेल्या पावसालाही अर्थ असतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, बाई, तुमचा पाऊस मोजता येतो, आमचा वाचावा लागतो. हे त्यांनी झकास म्हटलं होतं. मी तसं कबूल मात्र केलं नाही.

दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, सर, ती बायको कुठे गेली? सरांचं उत्तर ठरलेलं. घर सोडून गेली. पुरावा, मागचं उघडं दार. कुठे गेली आणि का गेली ते विचारायचं नाही, ते संहितेत नाही. आणि एका वर्षी याच प्रश्नाला, परीक्षेत, त्यांच्या स्वतःच्या लेकीने लिहिलं होतं की ती कुठेही गेली नाही, आतच आहे, फक्त विचारायची थांबली. सरांनी लाल शाईत 'पुरावा?' लिहिलं आणि त्या उत्तराला शून्य दिलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी ते उत्तर भरवर्गात वाचून दाखवलं, नाव न घेता. नाव न घेऊन काय झाकणार होतं? तिचे लाल झालेले कान सगळ्यांना दिसत होते. त्या संध्याकाळी पोरगी माझ्याकडे जेवली, आणि तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं कामापुरतं झालं ते झालंच. पुढे ती दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. फोन आला की सर 'हं, देतो' म्हणून आईकडे द्यायचे.

आता आईबद्दल सांगते. ती नवा कपडा कधी शिवायची नाही. लोकांचे जुने कपडे चालते करून द्यायची. पँटची चेन, झिजलेली कॉलर, मोठ्याचा छोट्याला आलेला कोट. मशीन आतल्या खोलीत खिडकीखाली, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून. पुढच्या खोलीत सरांचं टेबल. मधल्या पडद्याला कायमची गाठ मारलेली, कारण तिला उजेड लागायचा आणि त्यांना पडद्याची सळसळ सहन व्हायची नाही. तिचा हात असा होता की शिवलेलं उसवायचं म्हटलं तर घाम फुटायचा. शिवताना कशालाही हात सुटला, दूध उतू गेलं, दारावर कुणी आलं, की उठायच्या आधी दोन टाके उलटे मारायची. सरांच्या प्रतीकांवर ती कधी बोलली नाही. बोलली असती तर सरांनी पुरावा मागितला असता, आणि तिला तेवढा वेळ नव्हता.

मागल्या वर्षी तिला दोन-तीनदा चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. त्यानंतर छतातून एक नवीन आवाज यायला लागला. मशीन चालता चालता थांबायचं, 'अहो, आहात ना?' अशी तिची हाक यायची, आणि मग मशीन पुन्हा सुरू व्हायचं. सर काय उत्तर द्यायचे ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही. त्यांचा घरातला आवाज वर्गातल्यासारखा नव्हता.

ती गेली त्या दिवशी अर्धी शाळा होती. मी बाजार करून परत आले तर जिन्यात माणसं. वर गेले. ती मशीनवर डोकं टेकून बसलेली, झोप लागल्यासारखी, आणि सर दोन्ही खोल्यांच्या मधल्या चौकटीत उभे. त्यांच्या हातात लाल पेन होतं आणि त्याचं टोपण उघडंच होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, कुणी अगदी शेजारी बसलेलं असतं तरी काही करता आलं नसतं. सरांनी मान डोलावली. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

सगळं उरकलं आणि सर शाळेत हजर. आपण बोलावं तर बोलायचे, नाही तर नाही. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. तपासलेल्या पेपरांवर शेरे तेच, अक्षर तेच. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, धीराचे आहेत. कुणी म्हणालं, दगड आहेत. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही. एक गोष्ट फक्त माझ्याच ध्यानात आली. सुटी झाली की ते शाळेच्या नळावर बाटली भरून घरी न्यायचे. घरी पाणी नव्हतं असं नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ आतल्या खोलीत होता, आणि सर आतल्या खोलीत जातच नव्हते.

लेक आली होती, तीच आत असायची. तिने दुकानातून रजा घेतली होती. स्वयंपाक करायची आणि लोकांचे राहिलेले कपडे ज्याचे त्याला नेऊन द्यायची. तिला वडिलांकडून एवढंच हवं होतं, आई शेवटचं काय बोलली. कारण त्या सकाळी आईने तिला फोन केला होता. दुकानात गिऱ्हाईक होतं, हिने 'मग करते गं' म्हणून ठेवून दिला होता. तो 'मग' काही आला नाही. ती रोज विचारायची, सर रोज म्हणायचे, काही विशेष नाही. माझ्याकडे येऊन ती रडली नाही, फक्त म्हणाली, मावशी, रविवारी दुपारच्या बसने मी जाणार, आणि तोवर बाबांनी सांगितलं नाही तर पुन्हा त्या घरात पाऊल टाकायची नाही. ती ते रागाने म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती अगदी सरांसारख्या आवाजात म्हणाली.

त्या शुक्रवारी शाळेने शोकसभा ठेवली. दोघा-तिघांनी चार चांगले शब्द सांगितले, मीही सांगितले आणि मध्येच अडखळले. मग हेडसरांनी पुरावा सरांना बोलायला बोलावलं. बोलवायला नको होतं, पण बोलावलं. सर उठले, चष्मा पुसला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात सुरू झाले.

या व्यक्तिरेखेचे ठळक स्वभावविशेष असे, ते म्हणाले. कष्टाळूपणा. पुरावा, सुटीच्या दिवशीही काम बंद नसे. मितभाषीपणा. पुरावा, दिवसाकाठी मोजकी, त्याच त्या घाटाची वाक्यं. स्थैर्य. आरंभापासून शेवटापर्यंत या व्यक्तिरेखेत बदल संभवत नाही. सगळे खाली बघत होते. मला कळत होतं की हे बोलणं त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडतंय. नळाची चकती झिजल्यावर पाणी गळावं तसं. थांबवायला मी उठणार, एवढ्यात ते म्हणाले, आणि मशीनच्या सुईखाली राहिलेलं ते अर्धं शिवलेलं कापड, हे अपूर्णतेचं प्रतीक होय.

लेक मागच्या खुर्चीवर बसली होती. ती उभी राहिली.

"बाबा, तो पोस्टमनचा कोट आहे," ती म्हणाली. "त्याची बाही लांब होत होती. आई ती आखूड करत होती."

एवढं बोलून ती निघून गेली. सर बघत राहिले. मग खाली बसले. नंतर जिन्यात मला म्हणाले, बाई, मुद्दे चुकले का? मी म्हटलं, मुद्दे बरोबर होते सर. आणखी काय म्हणणार?

शनिवारी त्यांच्या वर्गात नेमकी तीच कथा आली. ते ती टाळू शकले असते. पुढची कविता घेतली असती तर कुणी हू की चू केलं नसतं. पण वेळापत्रकात होती, म्हणून त्यांनी घेतली. मी माझ्या मुलांना नकाशा भरायला बसवलं आणि पार्टिशनपाशी खुर्ची ओढली. सरांनी कथा वाचली. पहिली 'झाली का?' वाचली, दुसरी वाचली. तिसरी वाचायच्या आधी थांबले.   त्यांनी ती वाचली, आणि उरलेली कथाही वाचली, सगळी एका पट्टीत. मग छत्री, मग निवेदक, असे मुद्दे सांगायला लागले. पुनरुक्तीचा मुद्दा मात्र वगळला. कुणा मुलीने विचारलं, सर, ती बायको गेली कुठे? माझ्या वर्गातल्या पेन्सिलीसुद्धा थांबल्या. सर म्हणाले, पुढचा मुद्दा लिहून घ्या. पण पुढचा मुद्दा त्यांनी सांगितलाच नाही. तास संपेपर्यंत मुलं वह्या उघड्या ठेवून बसली होती.

रविवारी मी लेकीसाठी वाटेतला डबा घेऊन वर गेले. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली. टेबलाशी सर पेपर तपासत होते. लेकीने माझ्या हातात एक पिशवी दिली. पोस्टमनचा कोट तेवढा राहिला होता, आणि एक बाही धड नसलेला कोट त्याला कुठल्या तोंडाने द्यायचा म्हणून तिने तो तसाच ठेवला होता. म्हणाली, मावशी, दुसऱ्या कुणाकडून पुरा करून द्याल का? मी हो म्हटलं. ती चपला घालायला वाकली आणि वाकलेली असतानाच म्हणाली, "बाबा, शेवटचं विचारते."

सरांनी पेनाला टोपण लावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं धड दिसत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"तिने विचारलं, अहो, आहात ना," ते म्हणाले. "मी हं म्हटलं. पेपर तपासत होतो. जरा वेळाने पुन्हा विचारलं. मी हं म्हटलं. मग तिसऱ्यांदा विचारलं."

 लेक सरळ उभी राहिली, एक चप्पल पायात आणि एक हातात.

"तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या मनात आलं, पुनरुक्ती," सर म्हणाले. "ती कथाच आठवली मला. मी हं म्हटलं. मग मशीन थांबलं. मला वाटलं, आता चौथ्यांदा विचारेल. मी वाट बघितली. नाही विचारलं तेव्हा वाटलं, तिचं काम जमलंय. हातातला पेपर पुरा केला आणि मग आत गेलो."

हे सगळं त्यांनी उत्तर लिहून द्यावं तसं सांगितलं. आवाज हलला नाही. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, ही आता काहीतरी असं बोलेल की जे नंतर कुणालाच मागे घेता येणार नाही. पण तिने विचारलं ते वेगळंच.

"माझ्याबद्दल काही बोलली? रागावली होती का?"

"जेवताना म्हणाली, ती कामात आहे, रात्री करेल फोन," सर म्हणाले. "रागावली नव्हती. पोटभर जेवली. रागावली की जेवायची नाही ती."

लेक मटकन खाली, बॅगेवरच बसली. आणि मला तेव्हा कुठे उमगलं की यांना दोघांनाही जी गोष्ट ठाऊक नाही ती मला ठाऊक आहे. मी ती कुणाला सांगितली नव्हती, कारण तिला काही मोल असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी मैत्रिणीला चिडवलं होतं की अगं, सारखं काय आहात ना, आहात ना, या वयात नवरा पळून जाणारे का तुझा? ती हसली होती. म्हणाली होती, डोळ्यांपुढे जरा अंधारलं की भीती वाटते. विचारलं की ते हं म्हणतात. मग बरं वाटतं आणि हात चालायला लागतो.

मी हे दोघांना सांगितलं. सरांना म्हटलं, तुम्ही उठून यावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. तुमचं हं तिला पुरत होतं.

सरांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने, बघितलं.

"पुरावा?" ते म्हणाले.

हा शब्द मी पार्टिशनमधून हजारदा ऐकला असेन. त्यातलं प्रश्नचिन्ह त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्याकडे काही नव्हतं. गच्चीवरच्या बोलण्याला काय पुरावा असणार? 

लेक उठली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, कोट बाहेर काढला आणि त्याची उलटी बाही टेबलावर, पेपरांच्या गठ्ठ्यावरच पसरली. वडिलांचं बोट धरून तिने ते शिवणीवर ठेवलं. मोठ्या माणसाचं बोट असं धरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"इथे हात लावा," ती म्हणाली. "जाड लागतंय? दोन टाके उलटे. इथे हात सुटला तिचा. इथे तिने पहिल्यांदा विचारलं."

बोट पुढे सरकलं. "हे दुसऱ्यांदा." आणखी पुढे. "हे तिसऱ्यांदा."

"आणि मग?" सरांनी विचारलं.

"मग ही बघा."

तिसऱ्या जाड जागेनंतर टीप पुढे गेलेली होती. चांगली वीतभर. मीही वाकून बघितली. आधीच्या टिपेइतकीच बारीक, काठापासून तेवढ्याच अंतरावर, कुठे वाकडी नाही की कुठे टाका सुटलेला नाही. शेवटी दोरा मोकळा लोंबत होता. तिथे उलटे टाके नव्हते.

"घाबरली असती तर टीप हलली असती," लेक म्हणाली. "तुम्ही हं म्हणालात, आणि तिने काम सुरू केलं."

सरांचं बोट त्या वीतभर टिपेवरून गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. धड्यातली ओळ वाचताना ते असंच बोट फिरवायचे. मला रडू कोसळलं. मी तोंड फिरवलं नाही, काय लपवायचं होतं? सर रडले नाहीत. त्यांनी नुसतं, "हं," म्हटलं.

बसची वेळ झाली तेव्हा मीच आठवण करून दिली. लेक म्हणाली, हा कोट असा अर्धा कुणाकडे द्यायचा, आणि तो घेऊन आत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिला आईसारखं शिवता येत नाही, पण येतं. आतून मशीन सुरू झालं, अडखळत. सरांनी चष्मा घातला, पेन उघडलं आणि पुढचा पेपर समोर ओढला. पेपरवर काही लिहिलं मात्र नाही. मी त्यांच्या समोर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले, कारण जावं की थांबावं ते मला ठरवता येईना.

मशीन थांबलं. बॉबिन संपली असेल, नाहीतर बाही वळवायची असेल. लेकीला आतून काही विचारायची सवय नव्हती, तिने काही विचारलं नाही. सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी मान त्या गाठ मारलेल्या पडद्याकडे वळवली आणि घरातल्या आवाजात, पण आत ऐकू जाईल असं, म्हणाले, "आहे गं मी."

 मग मशीन पुन्हा सुरू झालं.